पूर्ण घोड्याची नाव

माणसाने थाप मारावी, पण जिला वजन असतं अशी थाप मारू नये. दिगंबररावांची थाप चांगली दोन मण भरली, आणि ती त्यांनाच उचलावी लागली.

तसे दिगंबरराव म्हणजे बऱ्हाणपूरच्या कचेरीतले साधे कारकून. इंग्रजी अमदानी होती, गावात बोलपटाचा तंबू नुकताच लागला होता, आणि घरात लेक शारदा लग्नाची झाली होती. खकनारच्या वामनरावांचा मधुकर तिच्यासाठी सांगून आला होता. पत्रिका जुळली होती. फोपनारच्या एका लग्नात मुलांनी एकमेकांना पाहिलंही होतं आणि तेव्हापासून शारदा भाजीत दोनदा मीठ घालू लागली होती. (तिच्या आईच्या, म्हणजे कुसुमताईंच्या, मते हीच पसंतीची खूण.) अडलं होतं ते फक्त वामनरावांच्या एका शब्दापाशी. लाकडाचा व्यापार करणारे हे विधुर गृहस्थ ‘हो’ही म्हणत नव्हते आणि ‘नाही’ही म्हणत नव्हते. ते बोलत ते फक्त माशांविषयी.

त्या दिवशीही दिगंबररावांच्या बैठकीत बसून त्यांनी तासभर मासेच सांगितले. तापीचा महाशीर मोठा शहाणा, वल्ह्याचा चुळुक आवाज झाला की दहा हात पळतो. साहेबलोक म्हणे नावेला विजेची मोटार लावतात, आवाज म्हणून नाही. तशा नावेत बसून एकदा गळ टाकायचा आणि मग डोळे मिटायचे, एवढीच आपली इच्छा उरली आहे, असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला.

“आमच्याकडे आहे की तशी नाव,” दिगंबरराव म्हणाले.

हे वाक्य आपल्याच तोंडून आलं याचं सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं. दाराआड उभ्या असलेल्या कुसुमताईंनी कपाळाला हात लावला तेव्हा बांगड्यांचा आवाज बैठकीपर्यंत आला. वामनराव मात्र खुलले. पुढच्या शनिवारी येतो म्हणाले, आणि मुलांचं काय ते त्या नावेतच बोलू, असंही म्हणाले. म्हणजे नाव चालली तर लग्न, नाही तर पोरगी घरात.

“मोटार नावेत मावणार कशी?” रात्री ताटावर कुसुमताईंनी विचारलं. “यादवची मोटार तर आपल्या गल्लीतसुद्धा मावत नाही.”

यादवची मोटार म्हणजे खकनारला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार. ती मोटार वेगळी आणि ही मोटार वेगळी, हिला चाकं नसतात, नुसता पंखा असतो, असं दिगंबररावांनी समजावलं. त्यांनाही एवढंच ठाऊक होतं. बाकीचं ठाऊक असणारा गावात एकच माणूस होता, तो म्हणजे बोलपटाच्या तंबूत यंत्र फिरवणारा गजानन. व्होल्ट आणि ॲम्पियर हे शब्द तो सख्ख्या मेहुण्यांची नावं घ्यावीत तसे घेई.

गजाननाने आधी नाव कोणाची ते विचारलं. नाव सुपडू भोयाची होती, मासे धरायची, दोन माणसं आणि एक जाळं घेऊन जाणारी. मग त्याने हवेत बोट फिरवून हिशेब केला. खंडव्याला दोन मोटारी मिळत होत्या, एक अर्ध्या घोड्याच्या ताकदीची आणि एक पूर्ण घोड्याच्या. एवढ्याशा नावेला अर्धा घोडा पुष्कळ झाला, त्याला मोटारगाडीच्या दोन बॅटऱ्या लागतील. पूर्ण घोडा घेतला तर चार लागतील, आणि त्या चारही एकमेकींना जोडायच्या. त्यातली एक जरी बसली तरी उरलेल्या तिघींचा उपयोग नाही. एवढं शहाण्यासारखं बोलून झाल्यावर मात्र त्याला राहवेना. “पण भाऊसाहेब, पूर्ण घोडा म्हणजे पूर्ण घोडा. नाव उडेल, उडेल!”

दिगंबररावांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा कुसुमताईंनी शांतपणे विचारलं, “अर्धा घोडा म्हणजे पुढचा की मागचा?”

झालं. तोवर दिगंबररावांचा कल अर्ध्याकडे होता. पण होणाऱ्या व्याह्यांना अर्ध्या घोड्यावर बसवलं असं उद्या खकनारभर झालं तर तोंड कुठे लपवायचं? आणि मागचा अर्धा निघाला तर? (त्यांना ठाऊक होतं हो, की तसं काही नसतं. पण एकदा डोळ्यांपुढे आलं ते आलं.) त्यांनी पूर्ण घोडा आणायला सांगितला. बॅटऱ्या यादवने दिल्या. जुन्या होत्या, पण त्याही त्याने जिवावर येऊनच दिल्या, आणि सोमवारी पहाटे पहिल्या फेरीच्या आत परत हव्यात असं तीनतीनदा बजावलं. एकेक बॅटरी अर्ध्या मणाची. गजाननाने तंबूतल्या डायनामोवर त्या रात्रभर भरल्या आणि शनिवारी सकाळी दिगंबररावांच्या ओसरीवर आणून ठेवल्या.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. बाराच्या सुमाराला गजानन धापा टाकत तिथे आला. चारांतली एक बॅटरी आतून सुकली आहे, असं त्याच्या आत्ता लक्षात आलं होतं. तिच्यात डिस्टिल पाणी घातलं नाही तर ती नदीवर दगा देणार, आणि ते पाणी दवाखान्यात मिळतं. त्याला स्वतःला तंबूत जाणं भाग होतं. दिगंबररावांपुढे कागदांचा ढीग आणि मागे हेडक्लार्क. त्यांनी उखर्डू चपराशाला हाक मारली. आता उखर्डूला ‘डिस्टिल’ म्हणता आलं असतं का? दिगंबररावांना वाटलं, नाही येणार. शिवाय इंग्रजी शब्दाला मराठी शब्द काढण्याची त्यांना भारी हौस. त्यांनी निरोप दिला, “घरी सांग, बॅटरी मरायला टेकली आहे. तिच्या तोंडात शुद्ध पाणी घाला.”

उखर्डूने निरोप जसाच्या तसा पोचवला. फक्त गल्लीच्या तोंडापासून ओरडत पोचवला. दिगंबरराव घरी आले तेव्हा शेजारच्या भागाबाई चपला बाहेर काढून, डोळ्यांना पदर लावून ओसरीवर बसल्या होत्या आणि घरात नक्की कोण गेलं हे कोणाला विचारावं याच विचारात होत्या. त्यांची समजूत घालून दिगंबरराव आत गेले. पाणी घातलं का, असं त्यांनी विचारलं. घातलं, सगळ्यांना घातलं, कुसुमताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा उतरलेला दिसला, पण दिगंबररावांना तेव्हा बायकोचा चेहरा बघायला सवड कुठली?

चारच्या सुमाराला राजघाटावर सगळे जमले. कुसुमताई फराळाचा डबा आणि भागाबाईंना घेऊन आल्या होत्या, गजानन तंबूतून सुटून आला होता. वामनराव आपला गळ आणि पिठाच्या गोळ्या घेऊन हजर होते. नावेत मोटार चढली, चार बॅटऱ्या चढल्या, आणि नाव काठापर्यंत पाण्यात बसली. सुपडू बघतच राहिला.

“भाऊसाहेब, आता मी कुठं बसू?” तो म्हणाला. “नाव मासं धराची हाय ना, तोफा न्यायची थोडीच हाय.”

दोन माणसांपुरतीच जागा उरली होती. त्यामुळे सुपडू राहिला, आणि त्याची वल्हीही राहिली. वल्ही नावेत बघून वामनरावांना काय वाटेल, हा दिगंबररावांचा विचार.

त्यांनी खटका दाबला आणि खरोखर नाव निघाली. आवाज नाही, धक्का नाही. घाट मागे सरकला, घाटावरची माणसं लहान झाली, आणि वामनरावांच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं ते पाहून दिगंबररावांना आपण जन्मात पहिल्यांदाच काहीतरी बरोबर केलं असं वाटलं. पोरीचं लग्न झालंच, आता फक्त तारीख काढायची. नाव डोहाच्या मधोमध आली. पंखा दोनदा कुरकुरला आणि बंद पडला. पाणी इतकं संथ की नाव वाहूनसुद्धा जाईना.

“मुद्दाम थांबवली,” दिगंबरराव म्हणाले. “मासा इथेच असतो.”

वामनरावांनी खुशीने गळ टाकला. आणि नशीब बघा, वल्हं नाही, यंत्र नाही, दिगंबररावांच्या तोंडून भीतीने शब्द नाही, अशा त्या शांततेत मासा लागला. हातभर लांबीचा महाशीर. वामनराव हर्षाने उठले तेव्हा नावेत पाणी आलं, म्हणून पुन्हा बसले. आता परत चला म्हणाले. दिगंबररावांनी खटका दाबला. पुन्हा दाबला. शेवटी त्यांनी एका बॅटरीचं झाकण काढलं. आत काळं पडलेलं तुळशीचं पान तरंगत होतं. दुसरं झाकण काढलं, तिथेही तुळशीचं पान. एकेका बॅटरीला तीन तोंडं, बाराही तोंडांत बारा पानं.

“अगं,” त्यांनी घाटाकडे तोंड करून हाक मारली, “पाणी कुठलं घातलंस?”

संध्याकाळच्या पाण्यावरून कुसुमताईंचं उत्तर लख्ख ऐकू आलं. “गंगाजल. मरायला टेकलेल्याच्या तोंडात दुसरं काय घालतात? आणि नेमकी कुठली टेकलीय ते उखर्डूला ठाऊक नव्हतं, म्हणून एकेक पळी सगळ्यांना घातलं.”

घाटावरून गजाननाचा आक्रोशही ऐकू आला. तांब्याच्या गडूत इतकी वर्षं मुरलेलं पाणी म्हणजे बॅटरीला विषच, असं काहीतरी तो सांगत होता. दिगंबररावांना ते ऐकण्यात रस नव्हता. ते वामनरावांकडे बघत होते. वामनरावांची नजर घाटावर खिळली होती. मांडीवरचा मासा तडफडत होता, त्याच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनीच ओरडून विचारलं, गंगाजल कुठून आणलं होतं. कुसुमताई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, “माझ्या वडिलांनी काशीहून आणलं होतं. माझ्या वेळेसाठी ठेवलं होतं.”

सुपडू भावाचा डोंगा घेऊन आला. डोंग्यात एकाच पाहुण्यापुरती जागा. वामनराव मासा घेऊन त्यात बसले आणि मागे वळूनही न बघता निघाले. दिगंबररावांना वाटलं, संपलं. आपल्या एका थापेपायी शारदेचं सोन्यासारखं स्थळ बुडालं. बोलून चालून आपण गाढव, पण पोरीने काय केलं होतं? त्यांचे डोळे भरून आले आणि घाट अंधुक दिसू लागला.

म्हणून वामनरावांनी घाटावर उतरताच हात जोडले ते त्यांना दिसलं नाही. ऐकू मात्र आलं.

“वहिनी,” वामनराव म्हणत होते, “आमच्या हिच्या वेळेला घरात माणसं भरपूर होती. पण पाणी घालायचं कोणाला सुचलं नाही. तेव्हापासून माझ्या मनात तेच आहे, माझ्या वेळेला कोण घालील. तुम्ही तर लोखंडाच्या डब्यालासुद्धा कोरड्या तोंडानं जाऊ दिलं नाहीत, आणि तेही स्वतःचं ठेवलेलं देऊन. तुमची लेक आमच्या घरी द्या. आता मला कसली काळजी नाही. पुढल्या खेपेला काशीला मी स्वतः जातो, तुमचा गडू भरून आणतो.”

घाटावर एकच आनंद झाला. भागाबाई आता खऱ्या रडल्या. डब्यातले लाडू वाटले गेले, महाशीर कोण शिजवणार यावर बोलणं झालं, माघातली तिथी निघाली, आणि सगळी मंडळी घाटाच्या पायऱ्या चढू लागली. नदीवर अंधार उतरायला लागला होता. दिगंबररावांनी एकदोनदा खाकरून पाहिलं. मुलीचा बाप आपणच, हे ओरडून सांगावं की काय असं त्यांच्या मनात येतंय, तोच सुपडूला आठवण झाली.

“बाई,” त्याने डोंग्यातून हाक मारली, “साहेबांना आणतो ना आता?”

कुसुमताई पायरीवर थांबल्या. क्षणभर विचार केल्यासारखं करून त्यांनी सांगितलं, “आधी बॅटऱ्या आण. त्या दुसऱ्याच्या आहेत.”