भुऱ्याची शिस्त आणि कळण्याची भाकरी

ऐन लग्नसराईत एस.टी. स्टँडवर मी माणसं रांगेत उभी केलेली आहेत. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या वऱ्हाडाला नवरदेवासकट खाली उतरवलेलं आहे. मग दीड वितीच्या कुत्र्याच्या पिल्लाला शिस्त लावणं मला काय जड जाणार? असं मी आमच्या रोहिणीला फोनवर ठणकावून सांगितलं. वाहतूक नियंत्रक निवृत्त झाला तरी त्याचा आवाज निवृत्त होत नाही.

पिल्लू रोहिणीनेच सुरतेहून आणलेलं. तिची आई गेल्यापासून पिंप्राळ्याच्या घरात मी एकटाच असतो. "पप्पा, सोबत होईल तुम्हाला," म्हणाली आणि दुपारच्या गाडीने सासरी परत गेली. पिल्लाचं नाव भुऱ्या. भुऱ्याने आल्या आल्या माझी शेवभाजी संपवली, देवापुढचा नैवेद्य संपवला, आणि लोणच्याची फोड चाटून माझ्याच चपलेत ठेवून दिली. मी भाकरीचा तुकडा मोडायचा अवकाश, तो तोंडात जाईतो भुऱ्याच्या पोटात गेलेला असायचा.

"पप्पा, सोपं आहे," रोहिणी म्हणाली. "घरातली माणसं जेवत असताना त्याला बाजूला बसवायचं. कुणी त्याच्याकडे बघायचं नाही, कुणी तुकडा टाकायचा नाही. पण माणसं जेवायला हवीत हं."

"कोणती माणसं?" मी विचारलं.

 ती म्हणाली, "शेजारी आहेत ना."

शेजारी म्हणजे अभिमनभाऊ आणि कुंदाबाई. दोघं धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी, मनाने मोकळी. नुसतं या म्हणायला मला संकोच वाटत होता, पण कुत्र्यासाठी या म्हणायला कसला संकोच? थंडीचे दिवस, बाजारात हिरवी लांब वांगी आलेली. मी अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी भाजली, मिरच्या-लसूण घालून लाकडी बडगीत ठेचली. तुम्हाला सांगतो, एका माणसाचं भरीत होत नाही. होतं, पण ते खाताना घरात फक्त आपल्याच चावण्याचा आवाज येतो.

कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी कुंदाबाई घेऊन आल्या. आम्ही पंगत मांडली. भुऱ्याने पहिल्याच घासाला अभिमनभाऊंच्या ताटात उडी घेतली आणि मिरचीचा ठेचा नाकाला लागल्यावर त्यांच्याच धोतरात तोंड खुपसलं.

"नाना, हाई कुत्रं शे का दरोडेखोर?" अभिमनभाऊ म्हणाले. पण हसले.

"अजून शिकायचंय त्याला," मी म्हणालो. "उद्या पुन्हा यावं लागेल."

ते आले. परवाही आले. कधी भरीत, कधी डुबुकवड्या, कधी फुणके-कढी. कुंदाबाई गावाकडच्या गोष्टी सांगायच्या, अभिमनभाऊ माझ्या जुन्या गाड्यांना नावं ठेवायचे. घरात ताटांचा आवाज व्हायचा. मला भूक लागायला लागली. किती दिवसांनी लागली म्हणून सांगू!

आणि तेवढ्यात घात झाला. भुऱ्या शिकला.

खरंच शिकला. ताट दिसलं की दोन हात लांब जाऊन बसायचा आणि अन्नाकडे टक लावून बघत राहायचा, पण जागचा हलायचा नाही. भरलेलं ताट जमिनीवर एकटं सोडून पाहिलं, तरी नाही.

"झायं," अभिमनभाऊ हात धुता धुता म्हणाले. "कुत्रं शिकी गयं. आते आमनं काम सरनं, नाना."

 ही दोघं उद्यापासून यायची नाहीत, हे मला त्या क्षणी कळलं. पुन्हा ते एक ताट, पुन्हा तो टीव्ही, जो मी फक्त आवाजासाठी लावतो.

मी म्हणालो, "छे, अजून कच्चा आहे. आज चुकून बरा वागला. उद्या फक्त एकदा बघू."

दुसऱ्या दिवशी मी मांडीखालून भुऱ्याला भरिताचा गोळा दाखवला. त्याने मान फिरवली. लोणी लावलेला तुकडा दाखवला. स्टँडवर चहा पीत बसून गाडी उशिरा सोडणाऱ्या कंडक्टरकडे मी बघायचो, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. शेवटी कुंदाबाई पाणी आणायला आत गेल्या, अभिमनभाऊ कांदा फोडत होते, आणि मी कुंदाबाईंच्या ताटातली आख्खी भाकरी उचलून सदऱ्याच्या खिशात कोंबली.

कुंदाबाई परत आल्या. "मनी भाकर कोठे गई?"

"बघा!" मी म्हणालो. "सांगत होतो ना? कच्चा आहे अजून. आणखी महिनाभर तरी यावं लागेल तुम्हाला."

सगळ्यांनी भुऱ्याकडे पाहिलं. भुऱ्या उठला. शांतपणे माझ्यासमोर आला, माझ्या खिशापासून दोन हातांवर बसला, आणि खिशाकडे टक लावून बघत राहिला. जागचा हलला नाही. मी डावीकडे वळलो, तो डावीकडे येऊन बसला. भाकरी गरम होती, आणि मला ती छातीला चांगलीच भाजत होती.

"नाना," कुंदाबाई म्हणाल्या, "तुमना खिसामा काय शे?"

मी काय सांगणार? भाकरी काढून त्यांच्या ताटात ठेवली. दुमडलेली, एका कडेला सदऱ्याचं सूत चिकटलेलं. अभिमनभाऊंनी कांद्यात डोकं घातलं. मला वाटलं, आता ही दोघं उठून जातील.

कुंदाबाईंनी सूत काढून टाकलं, भाकरी मोडली, अर्धी माझ्या ताटात ठेवली.

"आज सांजले आमना घर जेवाले या," त्या म्हणाल्या. "रोज या. कुत्राले घरमाच राहू द्या, ते शिकेल शे. आते तुमले शिकाडनं पडी."

रोहिणीला मी फोनवर एवढंच कळवलं, की शिक्षण जोरात चालू आहे. कुणाचं, ते तिने विचारलं नाही.