काखेतला ट्रान्झिस्टर

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, थर्मामीटर तर नव्हताच. वडील भाईंदरच्या मिठागरात मीठ ओढायचे. संध्याकाळी त्यांच्या टाचांच्या भेगांना आई खोबरेल लावायची. पुस्तकं घरात होती ती फक्त माझी.

शेजारच्या खोलीत एकटे राहणाऱ्या जुजेकाकांकडे मात्र थर्मामीटर होता आणि तो बहुधा त्यांच्या काखेत असायचा. त्याला दोऱ्याने बांधलेला एक ट्रान्झिस्टर. लोक ज्याला ट्रान्झिस्टर म्हणतात तो रेडिओ नव्हे. त्याच्या पोटातला, वाटाण्याएवढा. बाहीतून तीन वायरी निघून टेबलावरच्या मीटरला जायच्या. तशा अवस्थेत काका डाव्या हाताने चहा प्यायचे.

काका उत्तनजवळच्या चौक गावचे, रेडिओच्या कारखान्यात तपासनीस. गावच्या होड्यांवरचे रेडिओ दुपारच्या उन्हात गप्प होतात, हे त्यांच्या जिव्हारी लागलेलं. उष्णता किती आणि ट्रान्झिस्टरमधून वीज गळते किती, याचा ते ग्राफपेपरवर आलेख काढायचे. थंड रीडिंग माठाला चिकटवून, गरम काखेतून. कमी गळणारे निवडून होड्यांच्या रेडिओत बसवायचे, आणि ते रेडिओ भर दुपारी बोलायचे.

"एक आकडा म्हंजे चुगली," ते म्हणत. "दोन आकडे समोरासमोर बसव, मंग साक्ष मिलते."

एकदा त्यांना मलेरिया झाला. आम्ही हळहळलो, ते खुशीत.

"एकशे दोन हाय. फुकटची भट्टी."

आई म्हणाली, "भाऊजी, आधी औषध घ्या."

"घेतो वयनी. ताप उतरायच्या आदी दोन ठिपके होऊ दे."

मी तेव्हा बी.एस्सी.ला होतो. आलेखात आधी सुबक रेघ काढायची, मग तिच्यावर ठिपके बसवायचे, ही माझी पद्धत. काकांनी असं एक पान पाहिलं. "पोऱ्या, ह्ये ठिपके शालेत रांगेत उभे केल्यावानी दिसतात. कोनी दम दिला?" मग पान उलटं करून त्यावर माझाच चहाचा कप ठेवला.

शेवटच्या प्रॅक्टिकलला आठ दिवस उरले आणि मी तापाने पडलो. परीक्षा हुकली तर वर्ष जाणार, आणि आणखी एक वर्ष शिकवायची घरात ताकद नव्हती. काका रजा टाकून वायरी-मीटर घेऊन आले.

"तुजी काख पायजे. माझ्यापरीस गरम हाय."

पाच दिवस ते उशाशी होते. थर्मामीटर लावायचा, नोंद करायची, कपाळावरची पट्टी बदलायची.

"काका, मी मरतोय आणि तुम्हाला ठिपके सुचतायत."

"गप. हलू नको, काटा थरथरतो."

ताप वेळेत उतरला. प्रॅक्टिकलला माझा एक ठिपका रेघेबाहेर गेला. मी तो तिथेच राहू दिला. परीक्षकांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "सर, ट्रान्झिस्टर चिमटीत धरला गेला, गरम झाला." त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले.

निकालाचे पेढे घेऊन गेलो तेव्हा काकांकडे माझ्या काखेचा आलेख मागितला. ते विषय बदलू लागले, तेव्हा मीच गठ्ठ्यातून काढला. आडवे तास, उभा ताप. ठिपक्यांशेजारी बारीक अक्षरात: पट्टी. पेज. झोपला. ट्रान्झिस्टरच्या गळतीचा एकही आकडा नव्हता.

"आणि मीटर?"

"सेल न्हवते त्यात," काका पेढ्याकडे बघत म्हणाले. "नुसता बसलो असतो तर तुज्या बापाला ओशाला वाटला असता. काम हाय म्हटलं की कोन उठवत न्हाय."

त्या वर्षी मी बी.एस्सी. झालो. सेकंड क्लास. आमच्या घराण्यातला पहिला.