बावीस तुकडे आणि अनसूयाआत्या

कात्री चिंतामणच्या हातात आली ती त्याचं अक्षर चांगलं होतं म्हणून. ज्याचं अक्षर नीट तो सिनेमाही नीट कापेल, असं गटातल्या बाकी तिघांनी परस्पर ठरवून टाकलं. आता अक्षराचा आणि कात्रीचा काय संबंध, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

१९६३ साल. अमरावतीच्या कॉलेजातले मोरोपंत सर अकोल्याच्या मेहुण्याकडून सिनेमाचा छोटा कॅमेरा मागून घेऊन आले होते. मोर्शीकडच्या एका खेड्यात कॉलेजच्या पोरांनी श्रमदानाने रस्ता केला, त्यावर चौघांनी मिळून सहा मिनिटांचा चित्रपट करायचा. वर 'या गटकार्यातून मी काय शिकलो' यावर प्रत्येकाने दोन पानं लिहायची, दहा मार्कांची. चित्रपट जमला तर कॅमेरा वर्षभर कॉलेजात राहणार होता, आणि तोही ज्याचं काम सरस त्याच्या ताब्यात. चिंतामणचा सगळा जीव त्या कॅमेऱ्यात अडकला होता.

फिल्म मुंबईहून धुऊन आली आणि राजापेठेतल्या त्याच्या घरी गटाचा राबता सुरू झाला.

"माहा घमेल्याचा सीन कापू नको बरं," गोवर्धन म्हणाला. त्याने दिवसभरात तेवढं एकच घमेलं उचललं होतं.

"अन् मी झेंडा लावला तो?" अनुपमाने विचारलं.

"मले कायी नाही पायजे," देवमन म्हणाला. "फक्त तोंड दिसलं पायजे. माय येनार हाये पाहाले."

चिंतामणने भिंगातून पाहून पाहून बावीस तुकडे केले आणि अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून क्रमाने टांगले. आधी कुदळी, मग पंगत, मग झाडाखालची विश्रांती, शेवटी पंचायत समितीच्या सभापतींना हार. ते जोडायला डिंकासारखं औषध लागतं, ते आणायला तो सरांकडे गेला. परत येतो तर दोरीवर लुगडी.

"आत्या, माहे तुकडे?"

"डब्यात ठेवले की, एकाखाली एक," अनसूयाआत्या म्हणाली. "लुगडे काय तुह्या डोक्यावर वाळू घालू?"

तुकडे खरंच नीट लावलेले होते. बारा वाजले होते आणि कॉलेजच्या हॉलातला खेळ दोनचा. आत्याने दोरीवरच्याच क्रमाने ठेवले असणार, असं धरून तो वरपासून चिकटवत गेला. भिंगाला हात लावायलाही सवड नव्हती.

हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लागल्या. पाहुणे म्हणून तेच सभापती. पडद्यावर पहिल्याच झटक्याला सभापतींना हार. मग ते जीपमध्ये बसून निघाले. मग सगळे जेवले. मग सगळे झोपले. त्यात देवमन तोंड उघडं टाकून, आणि त्याची माय जाईबाई शेजारणीला कौतुकाने सांगत होती, "थो पाहा, थो माहा." अगदी शेवटी कुदळी निघाल्या. हॉल हसून हसून लोटपोट झाला.

"त्यानंच कापलं," गोवर्धन पुढच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला. "आमचा काही संबंध नाही."

सभापती उठले. "पन्नास श्रमदानं पाह्यली म्या," ते म्हणाले. "खरं दाखवलं ते हे पहिलंच." आणि स्वतःच पोट धरून हसायला लागले. टाळ्या पडल्या. कॅमेरा राहिला.

मग पानं लिहून झाली. क्रम असा फिरवायची कल्पना माझी, असं गोवर्धनने लिहिलं. अनुपमाने ती स्वतःची म्हणून लिहिली. देवमनने ती सगळ्यांची केली. चिंतामणने मात्र इमानेइतबारे लिहिलं, की हे आत्याने लुगडी वाळत घातल्यामुळे झालं. सर भडकले. टवाळी करतो म्हणून त्याला दहापैकी चार दिले आणि कॅमेरा गोवर्धनच्या गळ्यात घातला.

चिंतामण रडकुंडीला येऊन घरी आला. "आत्या, तुह्यापायी कॅमेरा गेला माहा. कसेही ठेवले तू तुकडे."

"कसेही काहून?" आत्या तांदूळ निवडत होती. "तुह्या भिंगातून एकेक पाह्यला म्या. पोट्टे उपाशीपोटी खंदून राहिले होते, म्हून जेवण पहिले घेतलं. जेवल्यावर मानूस जरा लवंडतेच. अन् थो हारवाला पाव्हना किती वेळ ताटकळन? त्याले अगोदर वाटे लावलं."

चिंतामण तिच्यासमोर उकिडवा बसला. "म्हंजे हे सारं तू समजून केलं?"

"मंग?" आत्याने एक खडा काढून अंगणात फेकला. "सिनेमा सारा म्या लावला. तुले थे चार मार्क कायचे भेटले?"