पेढा नेमका कुठे पडला

नूतनने पेणमधली तिसरी नोकरी सोडली, तेव्हा तिच्या आईने, सरूने, हातावरची भाकरी तव्यात टाकायची ती परत परातीत आपटली.

"आता काय झालं गो तुला? मालक ओरडला?"

"नाय."

"मग?"

"कंटाळा आला. दुपारपर्यंत सगळं काम कळतं. मग संध्याकाळपर्यंत करायचं काय?"

सरूने तीच भाकरी पुन्हा थापायला घेतली. पोरगी आळशी नव्हती. एखादी गोष्ट कळेपर्यंत हात धुऊन मागे लागायची आणि कळली की तिच्याकडे ढुंकून बघायची नाही, एवढीच तिची खोड.

रोह्याच्या रोबोटिक्सच्या कोर्सला ती गेली तीही मैत्रिणीला, प्रतिक्षाला, गाडीत सोबत हवी म्हणून. प्रतिक्षाला नोकरी हवीच होती, कारण घरी लग्नाची बोलणी सुरू झाली होती. नूतनला काहीच नको होतं. पण वर्गातल्या त्या पिवळ्या रोबोटने पहिल्यांदा कोपर वळवलं आणि नूतनने विचारलं, "ह्याला कसं कळतं, कुठे थांबायचं ते?" त्या दिवसापासून शिकवणाऱ्या प्रणित सरांना जेवणाचा डबा शांतपणे खाता आला नाही.

कोर्स संपत आला आणि एका कारखान्याचे पेणकर साहेब मुलं निवडायला येणार असं ठरलं. नथानियल पेणकर. आडनाव पेणचं, पण पिढ्यान् पिढ्या राहणार रोह्यात. त्यांचं स्वागत रोबोटने करायचं, ही सरांची हौस. रोबोटने टेबलावरच्या खोक्यातून पेढा उचलायचा आणि समोरच्या टीपॉयवरच्या बशीत अलगद ठेवायचा. नूतनने आठवडाभर खपून ते बसवलं होतं.

साहेब आले. खुर्चीत बसले. हातात चहाचा कप आला. सरांनी बटण दाबलं. रोबोटने ऐटीत पेढा उचलला, वळला, खाली वाकला आणि पेढा साहेबांच्या चहात सोडला.

डुबुक.

मुलांना वाटलं, असंच ठरलेलं असणार. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वा," साहेब सदऱ्यावरचा चहा झटकत म्हणाले, "नवीनच पद्धत!"

तोवर दुसरा पेढा आला. साहेबांनी कप बाजूला घेतला, तर तो पांढऱ्या पँटवर बसला. सर रिमोटकडे धावले आणि गडबडीत त्यांनी वेगाचं बटण दाबलं. आता पेढे भराभर येऊ लागले. साहेब कपाखालची बशी पुढे करून ते झेलू लागले. एक सुटला, तो त्यांच्या बुटात गेला. सरांनी घाबरून बंद करायच्या लाल बटणाकडे हात नेला.

"दाबू नका सर!" नूतन ओरडली. "वेग कमी करा फक्त. साहेब, तुम्ही हलू नका!"

"मी?"

"व्हय, तुम्हीच. कप पहिल्यासारखा धरा."

प्रतिक्षाने डोळे मिटून घेतले. आपली नोकरीही त्या चहात बुडाली, याबद्दल तिला शंका उरली नाही. पण साहेबांनी खरोखरच कप पहिल्यासारखा धरला. पुढचा पेढा बरोबर कपात पडला. त्याच्या पुढचाही.

"बघा!" नूतनचा चेहरा उजळला. "रोबोट बरोबर हाय. बशीच चुकलीय. तुम्ही बसलात तिथे टीपॉय होतं. ते कोणी सरकवलं?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"तूच सरकवलंस गो," प्रतिक्षा पुटपुटली. "सकाळी. साहेबांची खुर्ची ठेवायला."

"हां," नूतन म्हणाली. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. कोडं सुटल्याचा आनंदच जास्त होता.

मुलाखती मात्र झाल्या. प्रतिक्षाने सगळी उत्तरं नीट दिली आणि साहेबांनी तिला तिथल्या तिथे होकार दिला. मग नूतन आत गेली. साहेबांच्या पँटवरचा डाग अजून ओला होता.

"तुम्हाला आमच्याकडे का यायचंय?"

"ते अजून ठरलं नाय. तुमचे रोबोट बिघडतात का हो?"

"छे!" साहेब ताठ बसले. "दिवसरात्र चालतात. तक्रार म्हणून नाही."

"मग मी तिथे करू काय?" नूतन पर्स उचलून उठली. "येते साहेब. सदऱ्याचं मनावर घेऊ नका."

ती दारापर्यंत पोचली. साहेबांनी एकदा बाहेर उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं, मग घसा खाकरून हळूच हाक मारली.

"अहो, ऐका. एक रोबोट आहे. पावसाची सर आली की मान टाकतो. पाण्याचा थेंबही आत येत नाही, तरी. तीन इंजिनिअर येऊन बघून गेले, कुणाला कळलं नाही. बाहेर बोलू नका."

नूतन परत आली. खुर्ची ओढून, साहेबांच्या अगदी समोर बसली.

"आधी सांगा," साहेब म्हणाले, "नोकरी हवी की नको?"

"हवी, हवी," नूतन घाईघाईने म्हणाली. "पण मान कुठल्या बाजूला टाकतो?"