सदर कडीचा पंचनामा

तृप्ती मॅडमच्या खोलीची आतली कडी तुटली आणि घरमालक रामकिसन जमादारांच्या अंगातला निवृत्त पोलीस पुन्हा ड्युटीवर हजर झाला.

"मी न्हाई तोडली काका. रोजच्यासारखी ओढली, तर मूठ हातात आली."

"सगळे असंच म्हंतेत," जमादार म्हणाले. "आता पंचनामा होईल. वस्तू ज्यानं मोडली, त्यानं आठ दिवसात खोली खाली करायची. बिलकुल!" ही अट त्यांनी वहीत सर्वांत आधी लिहून टाकली.

तृप्तीच्या शाळेची परीक्षा तोंडावर आली होती आणि घनसावंगीत एकट्या बाईला खोली मिळता मिळता तिचे दोन महिने गेले होते.

जमादारांनी पंच नेमले, शेजारचे काकासाहेब आणि स्वतःची बायको दैवशालाबाई. दैवशालाबाईंना तव्यावरची भाकरी टाकून यावं लागलं होतं, त्यामुळे त्या निःपक्षपातीपणे सगळ्यांवरच चिडलेल्या होत्या. अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम मॅडमकडेच आलं. आरोपीकडून पंचनामा लिहून घेण्याचा मान गावात जमादारांनाच मिळाला असावा.

जमादारांनी मूठ ठोकून बसवली. "मी आत जातो, कडी लावतो, परत ओढतो. आपोआप निघती का बघूच!"

दार लागलं. खट्ट आवाज झाला. पण दार काही उघडलं नाही.

"जमादार, काय झालं?" काकासाहेबांनी विचारलं.

"काही न्हाई. मूठ हातात आली."

"लिहा मॅडम. सदर मूठ आपोआप हातात आली."

"लिहू नका! थांबा, मी खिडकीतून सांगतो."

खिडकी उंचावर होती. जमादार आतल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर चढले आणि ओट्यावरून फळीवर. त्या फळीने आजवर फक्त तृप्तीचे डबे सांभाळले होते. ती मोडली. पडता पडता त्यांनी आधाराला नळ धरला, तर तोही त्यांच्याबरोबर खाली आला. थोड्याच वेळात दाराखालून पाणी वाहू लागलं.

"सदर फळी, सदर नळ," तृप्ती लिहू लागली. "काका, खिडकीची काच कशी आहे?"

"काचेला काही झालं न्हाई!" जमादार कडाडले आणि संतापाने त्यांनी हातातली मूठ भिरकावली. मूठ काचेतून बाहेर येऊन काकासाहेबांच्या पायाशी पडली.

काकासाहेबांनी ती रुमालात गुंडाळली. "मुद्देमाल जप्त. लिहून राह्यल्या ना मॅडम?"

पाणी ओसरीपर्यंत आलं, तेव्हा दैवशालाबाईंनी पदर खोचला आणि तृप्तीच्या हातातली वही घेतली. त्यांनी वहीतली पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि दारापाशी तोंड नेलं.

"अहो, ऐकलं का? मॅडम इथंच ऱ्हातील. तुम्ही खोली कवा खाली करता?"

"आत्ता!" आतून जमादार कळवळून ओरडले. "ह्या मिनिटाला खाली करतो. दार तर तोडा!"