टपातून एक थेंबही नाही!

शनिवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी डोरीन अ‍ॅक्रॉइड नवऱ्याच्या मोटारीत अडकली. टप मात्र थेंबभरही गळत नव्हता!

अट तिचीच होती. क्लिफर्डची १९६४ सालची, कापडी टपाची लाल गाडी इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या पावसात चाळणीसारखी गळे. चर्चला जाताना डोरीन गाडीत छत्री उघडून बसायची. शेवटी तिने बजावलं, "आता माझ्या अंगावर एक थेंब पडला, की गाडी विकायची!"

क्लिफर्ड इरेला पेटला. टपाच्या कडेने नवी रबरी पट्टी बसवली, तिच्यावर दोन डबे सोल्युशन थापलं. डब्यावर लिहिलं होतं, 'चोवीस तास काचा खाली ठेवा.'

"चाळीस वर्षं नळदुरुस्ती केली मी. हा डबा मला शिकवणार?"

त्याच जोशात त्याने गाडीच्या तळाची गंजलेली भोकंही बुजवली. मग डोरीनला आत बसवून काचा चढवायला लावल्या आणि वरून पाण्याची नळी सोडली. चाळीस मिनिटं!

"किती थेंब?"

"एकही नाही!"

"ये मग बाहेर! चहा टाकतो."

एकही दार उघडेना. काच पट्टीला अशी चिकटली होती, जणू त्या दोघींचं सात जन्मांचं ठरलं होतं. डोरीन काच खाली घ्यायला गेली, तर काच फिरवायचा दांडाच तिच्या हातात आला.

"क्लिफर्ड, घोट्यापर्यंत पाणी आहे इथे!"

"ते पुढच्या हवेच्या जाळीतून शिरलंय. टपाचा काही संबंध नाही!"

शेजारचा विल्फ कुंपणावर रेलला होता. "क्लिफ, लेका, टब झकास झालाय. बदकं आणू?" म्हणाला, आणि त्यानेच अग्निशमन दलाला फोन केला.

जवानाने गाडीभोवती फेरी मारली. "दोनच रस्ते आहेत, काका. टप कापायचा, नाहीतर काच फोडायची."

"टपाला हात लावायचा नाही! आणि असली काच आता जगात कुठे मिळत नाही!"

"आणि मी? मी मिळते होय?" आतून आवाज आला.

क्लिफर्डने दहा मिनिटांची मुदत मागितली आणि बुजवलेली भोकं उघडून निदान पाणी तरी काढावं म्हणून स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरला.

शेवटची खबर बारा वाजून पाच मिनिटांची. मुदत तिसऱ्यांदा वाढवून घेतली होती. एकही भोक उघडलं नव्हतं. काम पक्कं झालं होतं. डोरीन सीटवर पाय वर घेऊन वाफेने धुरकटलेल्या काचेवर बोटाने 'विकणे आहे' लिहीत होती. बाहेरून नीट वाचता यावं, म्हणून उलट्या अक्षरांत.