पाशा वळतो तेव्हा

आधीच सांगून ठेवतो, डॅन्यूबकाठच्या आमच्या झेमुन गावात गाडी चालवायला शिकवणारे ढीगभर आहेत, पण अरुंद गल्लीत गाडी वळवायला शिकवावं ते या तिहोमिरनंच! पुढे, मागे, पुन्हा पुढे. आरशाला ओरखडा नाही, भिंतीला धक्का नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या बायका भर मंडईतून ट्रक वळवून काढतात. अशा माणसाच्या घरी वाढलेला मासा मठ्ठ कसा निघेल?

मासा म्हणजे आमचा पाशा. डॅन्यूब नदीतला, सोम जातीचा. अंगाला खवलं नाहीत, तोंडाला लांब मिशा, आणि जबडा असा की सगळं घर गिळायचा विचार चाललाय. आला तेव्हा बोटाएवढा होता. परीक्षा पास झाल्याच्या आनंदात एका शिकाऊनं बरणीतून आणून दिला. मी त्याला टाकीतल्या सोनेरी माशांच्या सोबतीला सोडलं. आठवड्याभरात टाकीत सोनेरी काही उरलं नाही. मला कौतुकच वाटलं! मग मोठी टाकी आणली, मग त्याहून मोठी, मग दिवाणखान्यातलं कपाट काढून भिंतभर काच लावली. पाशा कोंबडीच्या काळजावर वाढतच राहिला. भिंत मात्र होती तेवढीच राहिली.

"त्याला आता वळता येत नाही रे," बायको म्हणायची. देसांका तिचं नाव, मला ती तिका म्हणते. थोडकं बोलते, पण नेमकं दुखेल तिथेच बोलते.

"येत कसं नाही? बघ की!"

पाशा कोपऱ्यात नाक टेकवायचा, शेपूट वाकवून पाठीशी आणायचा, थोडा मागे सरायचा, पुन्हा पुढे. झालं तोंड उलट्या बाजूला.

"तीन टप्प्यांत! माझ्या शिकाऊंना हे पहिल्या महिन्यात जमत नाही!"

"तुझे शिकाऊ तास संपला की घरी जातात, तिका."

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

आमच्या कुळाचा संत म्हणजे संत निकोला. नावाडी, कोळी, पाण्यावरचे सगळे त्याच्या भरवशावर. त्याची स्लावा, म्हणजे कुळाच्या संताचा सण, डिसेंबरात येते, नाताळच्या उपासात. म्हणजे त्या दिवशी मटण नाही, दूध नाही, अंडं नाही. मासा तेवढा चालतो. आणि स्लावाचं आमंत्रण कोणी कोणाला देत नाही. ज्याला दिवस ठाऊक आहे तो येतो. आमच्या घरचा दिवस अर्ध्या झेमुनला ठाऊक आहे!

तर स्लावाच्या आधी वुकाशिन आला. वुकाशिन माझा कूम, म्हणजे माझ्या लग्नाचा साक्षीदार आणि माझ्या पोरीचा धर्मबाप. सख्ख्या भावाला एक वेळ नाही म्हणता येतं, कुमाला नाही. बरीच वर्षं व्हिएन्नात होता, आता कायमचा परत आलाय. दिवाणखान्यात आला, टाकीसमोर उभा राहिला आणि त्याचा कोटसुद्धा काढायचा राहिला.

"तिका! हा तोच? बरणीतला?"

"तोच," मी मिशीत हसलो.

"म्हणजे इतकी वर्षं तू संत निकोलासाठी मासा पोसतोयस? आणि आम्ही बाजारातला कार्प आणून वाढतो! लाज वाटली रे मला. याला म्हणतात यजमान!" त्यानं आमच्या रीतीनं माझ्या गालांचे तीन मुके घेतले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या!

आता तुम्ही सांगा, अशा वेळी माणूस काय बोलेल? 'अरे, हा खायचा नाही' हे तोंडावर आलं होतं. पण 'यजमान' हा शब्द कानात इतका गोड वाजत होता, की मी म्हटलं, "बघू."

त्या एका 'बघू'नं घात केला. वुकाशिन इथून निघाला तो थेट खानावळीत. दुसऱ्या दिवशी मंडईत अनोळखी माणूस मला हात करून म्हणाला, "शेपटीकडचा तुकडा माझा हं!" खालच्या मजल्यावरच्या येलकाबाई हाताएवढ्या मुठींचा भलामोठा ट्रे घेऊन जिन्यात अडकल्या.

"शाळेच्या स्वयंपाकघरातून मागून आणला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तिरपा ठेवला तर मावेल. पण तुमच्या ओव्हनचं दार काढावं लागेल."

"येलकाबाई, अजून काही ठरलं नाही..."

"डोकं टाकू नका! डोक्याचं सूप मी करणार."

पाशाला कापायचं? माझ्या पाशाला? मी दार लावून टाकीशी गेलो. त्यानं मिशा हलवल्या. मी देसांकाला म्हटलं, "तू सांग ना सगळ्यांना."

"यजमान तू आहेस," ती म्हणाली.

मग फादर गाव्रिलो आले. स्लावाच्या आधी येऊन ते पाणी मंतरतात आणि तुळशीच्या जुडीनं घरभर शिंपडतात. ते टाकीजवळ आले आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. "फादर, याच्यावरही! सढळ हातानं!" ते बिचारे भोळे. चांगलं दोनदा शिंपडलं. म्हटलं, सुटलो! आता पाशा तीर्थात पोहतोय. कोण हात लावतो बघू!

स्लावाचा दिवस उजाडला. मेणबत्ती लागली, पाव कापला गेला, आणि माणसं येतच राहिली. खुर्च्या संपल्या, येलकाबाईंच्या संपल्या, लोक ट्रेवर बसले. सगळ्यांचं तोंड टाकीकडे. वुकाशिन बाह्या सरसावून पुढे आला. हातात सुरा, खांद्यावर पंचा.

"चला यजमान, कोपऱ्यातून धरू."

"थांब!" मी ओरडलो. "त्याच्यावर फादरनी पाणी शिंपडलंय! तो आता... तो आता देवाचा आहे!"

"मग तर आणखी चांगलं!" येलकाबाई म्हणाल्या. "प्रसादच झाला!"

घरात दोन तट पडले. कोणी म्हणे मंतरलेला मासा मारणं पाप, कोणी म्हणे न खाणं पाप. शेवटी सगळे फादरकडे वळले. फादर मात्र मघापासून टाकीसमोरच होते.

"मी सोफ्यावरही पाणी शिंपडलं होतं, तिहोमिर," ते म्हणाले. "म्हणून तो संत होत नाही." घर हसण्यानं दणाणलं. फादर हसले नाहीत. "पण हा असं काय करतो?"

"वळतोय, फादर! तीन टप्प्यांत. मीच शिकवलंय!"

एवढी माणसं बघून पाशा बिथरला होता. त्यानं नाक टेकवलं, शेपूट पाठीशी आणली, आणि मध्येच अडकला. इकडे काच, तिकडे काच. कमानीसारखा वाकून तसाच राहिला. नाकाची कातडी घासून पांढरी पडली होती. ती काही आजच पांढरी झाली नव्हती. मी रोज बघत होतो आणि मला ती दिसत नव्हती.

वुकाशिननं सुरा टेबलावर ठेवला. "तू मला अडवत होतास ना, तिका? मी तर एकदाच मारणार होतो."

मी टाकीत खांद्यापर्यंत हात घातला, नवीन शर्टासकट, आणि पाशाची शेपूट सोडवली. त्यानं माझ्या हाताला तोंड लावलं नाही. जन्मभर कोंबडीची काळजं गिळलेला तो जबडा माझ्या बोटांपाशी मिटून राहिला. मला रडू आलं. भर स्लावात, पाहुण्यांसमोर!

"आत्ताच नदीत सोडू," मी म्हटलं.

"वेडा आहेस का? उबेत वाढलाय. या थंडीत टाकलास तर जागच्या जागी मरेल," वुकाशिन म्हणाला. त्याचं लहानपण नदीवर गेलंय. "आधी टाकीचं पाणी हळूहळू गार होऊ दे. वसंतात सोडू. आणि वहिनी, जेवायला काय आहे?"

देसांकानं ओव्हनमधून कार्पचे तीन ट्रे काढले. तिनं ते आदल्या दिवशीच आणून ठेवले होते!

तो हिवाळा काय वर्णू! दिवाणखान्याचा हीटर बंद, खिडकी सताड उघडी. मी ओव्हरकोट घालून, कानटोपी ओढून टाकीसमोर बसायचो. देसांका स्वयंपाकघरातून विचारायची, "पाय पसरायला जागा आहे ना?" दात वाजत असताना उत्तर देता येत नाही.

नदीचं पाणी जरा कोमट झालं तसं आम्ही निघालो. ओल्या घोंगडीत गुंडाळलेला पाशा मागच्या सीटवर, त्याचं डोकं देसांकाच्या मांडीवर, वुकाशिन बादलीनं पाणी ओततोय, आणि गाडीच्या टपावर शिकाऊची पाटी! सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईनं छातीवर क्रूसाची खूण केली.

डॅन्यूबच्या शांत फाट्याला गुडघाभर पाण्यात उतरून आम्ही त्याला सोडला. मी मनात निरोपाचं भाषण ठरवलं होतं. पाशा थोडा पुढे गेला. थांबला. समोर पाणीच पाणी, मागे पाणीच पाणी. मग त्यानं शेपूट वाकवून पाठीशी आणली, जरा मागे सरला, पुन्हा पुढे झाला. आणि मग वळला.

मग वुकाशिन हळूच म्हणाला, "चांगलं शिकवलंयस, मास्तर." टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं पाशानं तेच पुन्हा केलं, आणि मग गढूळ पाण्यात दिसेनासा झाला.

परत यायला गाडी वळवायची होती. रस्ता अरुंद, एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला कुंपण. माझ्या रोजच्या धड्यातला रस्ता!

"वळव की," देसांका म्हणाली.

मी गियर टाकला आणि सरळ पुढे निघालो. पुढच्या गावापर्यंत गेलो, तिथल्या मोकळ्या मैदानातून मोठा वळसा घेतला आणि घरी आलो.